हिरवी वायर

अॅम्प – गिटार – हात – ओठ – माइक – जमीन

भूमिकाला शॉक बसला तेव्हा अश्विन सोलो वाजवत होता, आणि त्याला वाटलं की तिला सोलो आवडला.

असं वाटायला कारण होतं. त्यांच्या एका संथ गाण्याच्या मधल्या तुकड्यात ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहते, डावा हात त्याच्या गिटारच्या मानेवर, त्याच्या बोटांच्या मागे, तारांवर ठेवते आणि उजव्या हातातल्या माइकमध्ये हलकेच गुणगुणते. हे कोणी बसवलेलं नाही. कधीतरी झालं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग दर कार्यक्रमात होऊ लागलं. बघणाऱ्यांपैकी काहींना वाटतं की या दोघांमध्ये काहीतरी आहे. दोघांमध्ये सवय आहे. तिला नवरा आहे, मुलं आहेत, सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या गल्लीत घर आहे. त्याला नंदनवन वस्तीत गिटारचा क्लास आहे, कमरेला पट्टा आहे आणि एक ट्यूबवाला अॅम्प आहे, गिटारचा आवाज मोठा करणारं जड खोकं, जे उचलून उचलून तो पट्टा लागला.

तर त्या दिवशी कामठी रोडवरच्या एका लॉनवर ती गुणगुणायला म्हणून माइकच्या जवळ गेली, माइकच्या जाळीला ओठ लागले आणि तिने दोन्ही हात झटकले. माइक पडला. स्पीकरमधून धाडकन आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण अश्विनला वाटलं तेच त्यांनाही वाटलं. त्याने डोळे मिटून सोलो पूर्ण केला. शेवटचा सूर पार विझेपर्यंत ओढला. डोळे उघडले तेव्हा ती स्टेजच्या कडेला बसली होती आणि खालच्या ओठाला बोट लावून बोटाकडे बघत होती, रक्त आलंय का म्हणून.

रक्त नव्हतं. उरलेली गाणी ती गायली. माइक स्टँडला लावून, त्याला हात न लावता.


मतं

गिटारवाल्यांना मतं असतात. तारांच्या जाडीबद्दल, केबलच्या लांबीबद्दल. आवाज बदलायला पायाने दाबायची पेडलं असतात, त्यांत ओव्हरड्राइव्हचं आधी की कोरसचं आधी यावरून दोन माणसं आयुष्यभर एकमेकांशी बोलणं टाकू शकतात. बॅटरी अर्धी उतरली की पेडल गोड वाजतं असं मानणारा एक जण धरमपेठेत आहे, तो अर्ध्या उतरलेल्या बॅटऱ्या लोणच्यासारख्या बरणीत जपतो. स्टेजवर अॅम्प पायामागे ठेवायचा की खुर्चीवर चढवायचा, त्याचं तोंड लोकांकडे की स्वतःच्या कानाकडे. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची, तापून लाल होणारी नळी. ती तापल्याशिवाय आवाजाला अंग येत नाही, हे अश्विनचं मत. तरुणपणी ते मत होतं. आता ते वजन आहे.

शॉकबद्दल मात्र पार्टीतल्या, म्हणजे त्यांच्या वाद्यवृंदातल्या, सगळ्यांचं एकच मत पडलं. पाय.

भूमिका अनवाणी गाते. महाल भागात यमुताईंकडे गाणं शिकायला जायची तेव्हापासून. यमुताई सांगायच्या, जिथं सूर लावायचा तिथं चपला न्यायच्या नाहीत. लग्नाच्या लॉनवरचा का असेना, मागे एलईडीची भिंत का असेना, मंच तो मंच. ती पायरीखाली चपला काढते, पायरीला हात लावून तो कपाळाला लावते आणि चढते. सतरंजी ओली असते. कधी तिच्यात टाचणी असते, कधी हारातली तार. भूमिका तरी अनवाणीच गाते.

साउंडवाला गिरिधर म्हणाला, ओल्या सतरंजीवर उघड्या पायांनी उभं राहायचं म्हटलं तर करंट काय आरती ओवाळणार आहे का. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अश्विननेही डोलावली. तो रबरी तळव्याचे जोडे घालतो, त्याला इतक्या वर्षांत काही लागलं नाही, यापेक्षा मोठा पुरावा काय असणार. बिनवायरचा माइक द्यावा तर ते गिरिधरकडे दोनच, एक निवेदन करणारीच्या हातात असतो आणि दुसरा यजमानांच्या भाषणांसाठी राखलेला. लग्नात भाषणं संपत नाहीत. मग ठरलं की भूमिकाने चपला घालाव्या.

ती नाही म्हणाली नाही. पुढच्या कार्यक्रमात रबरी चपला घालून चढली. सगळं ठीक झालं, म्हणजे शॉक लागला नाही. ती अश्विनच्या जवळ गेलीच नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एका गाण्यात ओळी विसरली, एका गाण्यात सूर खाली बसला. उतरल्यावर तिने त्या चपला पिशवीत कोंबल्या, आणि गिरिधर सगळ्यांना सांगत सुटला की पाहा, झालं ना काम.


पाय काढले

गौरांग हा पार्टीतला दुसरा गिटारवाला. अश्विनच्याच क्लासमध्ये शिकला, आता रामदासपेठेत एका बँकेत आहे, सुट्टीच्या दिवशी वाजवतो. त्याच्याकडे अॅम्प नाही. जेवणाच्या ताटाएवढी एक डिजिटल पेटी आहे. तिच्यात वेगवेगळ्या अॅम्पचे आवाज भरलेले असतात. पेटी सरळ गिरिधरच्या साउंड मिक्सरला जोडायची, कार्यक्रम झाला की पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून स्कूटरवर बसायचं. अश्विन त्या पेटीला डबा म्हणतो. डब्यातलं जेवण पोट भरतं, म्हणतो, पण ताटलीवर वाफ दिसत नाही. गौरांग हसतो. त्याच्या पाठीला काही झालेलं नाही.

प्रॅक्टिसच्या खोलीत, भूमिका समोर बसलेली असताना, गौरांगच म्हणाला:

"सर, पायाचा संबंधच नाही. माइकची जाळी मिक्सरमधून जमिनीला जोडलेली असते. तुमच्या तारा अॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. करंट ताईच्या हातातून आला आणि ओठातून गेला. गमबूट घातले असते तरी लागला असता."

"आणि तारांत करंट काहून येईल?" भूमिकाने विचारलं.

गौरांग पेटीच्या बटणांकडे बघू लागला. त्याला माहीत होतं. अश्विनलाही माहीत होतं, फक्त त्याने त्या दोन गोष्टी आजवर एकमेकींजवळ ठेवल्या नव्हत्या.


मागे दुमडून टेप

अॅम्पच्या प्लगमध्ये तीन वायर असतात. तिसरी, हिरवी, जमिनीकडे जाते. यंत्र जुनं झालं की आतला करंट थोडाथोडा पत्र्यात झिरपतो. हिरवी वायर तो उचलते आणि जमिनीत नेऊन टाकते. कोणाला कळतही नाही.

पण स्टेजवर अॅम्पची एक जमीन, म्हणजे अर्थिंग, असते आणि साउंडवाल्याच्या मिक्सरची दुसरी. गिटारची एक केबल मिक्सरकडेही गेलेली असते. मग दोन जमिनींमध्ये गोल रस्ता तयार होतो आणि स्पीकरमधून सतत एक आवाज येत राहतो. घूंऽऽ. गिटारवाले त्याला हमिंग म्हणतात. वाजवताना तो झाकला जातो. थांबलं की उघडा पडतो. मुलीकडचे मामा वळून बघतात, यजमान मॅनेजरला पाठवतात, मॅनेजर साउंडवाल्याला, साउंडवाला गिटारवाल्याला.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. प्लग उघडायचा, हिरवी वायर सोडवायची, मागे दुमडायची, वर टेप लावायची. हमिंग गायब. झिरपलेला करंट मात्र पत्र्यातच राहतो. ही विद्या कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. एक गिटारवाला दुसऱ्याच्या हातात स्टेजमागे स्क्रूड्रायव्हर देतो, तेवढ्यात ती शिकवून होते. अश्विनला ती कोणी दिली हे त्याला आठवत नाही. अॅम्प घेतला त्याच वर्षी केव्हातरी.

त्याने भूमिकाला हे सगळं सांगितलं. मध्ये काही गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुझा आवाज साफ यावा म्हणून.

सगळेच करतात, तो म्हणाला.

"मी सगळ्यांच्या गिटारवर हात नाही ठेवत, अश्विनदादा."

तिने एवढंच सांगितलं की पुढच्या कार्यक्रमाच्या आधी ती वायर जागेवर गेलेली तिला दिसली पाहिजे. नाहीतर ती ट्रॅकवर गाईल. ट्रॅक म्हणजे लॅपटॉपवर आधीच भरून ठेवलेलं संगीत. गाणारीने एकटीने उभं राहायचं, मागे कोणी नाही. शहरातल्या अर्ध्या गायिका आता तशाच गातात. यजमानांनाही ते बरं वाटतं, स्टेज मोकळं दिसतं, फोटो चांगले येतात. भूमिका गेली तर पार्टी उरत नाही. नुसत्या गिटारला कोणी लग्नात बोलावत नाही.

अश्विन म्हणाला, लावतो. हमिंग आली तर येऊ दे.


बेसा रोड, दुपार

स्वागत समारंभ होता. लॉनवर खुर्च्यांना पांढरी खोळ चढत होती. अश्विन आणि गौरांगने अॅम्पच्या दोन बाजू धरून तो पायऱ्यांवरून वर नेला, मग अश्विन त्यावरच बसला आणि बराच वेळ उठला नाही. कंबर म्हणजे एक वेगळं माणूस असल्यासारखी त्याच्या मागे बसली होती.

गिरिधरचा मिक्सर लॉनच्या दुसऱ्या टोकाला, मांडवाखाली. गिरिधर जिथं जाईल तिथं आधी जमिनीत लोखंडी सळई ठोकतो, तिच्या बुडाशी पाणी ओततो आणि आपलं अर्थिंग आपण करून घेतो. यंत्रं महाग आहेत म्हणून. स्टेजला मात्र लॉनचाच बोर्ड.

भूमिका साध्या कपड्यांत आली होती, साडी पिशवीत. तिच्यासमोर अश्विनने प्लग उघडला. टेप काढली. हिरवी वायर इतकी वर्षं दुमडून राहिल्यामुळे सरळ होत नव्हती, पुन्हा पुन्हा मागे वळत होती. त्याने टोक तासलं, तिसऱ्या पिनेत घातलं, स्क्रू पिळला. ओढून पाहा, म्हणाला. तिने खरंच ओढून पाहिली.

मग प्लग बोर्डात गेला आणि सगळे थांबले. ट्यूब तापायला वेळ लागतो. पलीकडे गिरिधरने गंमत म्हणून दोन्ही कानांवर हात ठेवले. अश्विनने मनातल्या मनात तयारी केली होती: हमिंग येईल, मिक्सरकडे जाणारी केबल काढून टाकू, ट्रेबल उतरवू, आवाज थोडा मंद होईल, मामा वळून बघतील, बघू देत.

अॅम्प जागा झाला.

हमिंग आली नाही.

गिरिधरने मिक्सरजवळच्या माइकमधून साऱ्या लॉनला ऐकू जाईल असं म्हटलं की या माणसानं इतकी वर्षं ती वायर उगाच कोंडून ठेवली होती. गौरांग हसला. खोळी चढवणारे दोघे जण काही न कळता हसले. भूमिकाने हात पुढे केला, एका बोटाने तारांना स्पर्श केला, मग चारही बोटं ठेवली. "लागत नाही," ती म्हणाली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. ती साडी बदलायला गेली.


जे यायला हवं होतं

अश्विन अॅम्पसमोर मांडी घालून बसला.

हमिंग आली की शोधायची कशी हे प्रत्येक गिटारवाल्याला येतं. एकेक वस्तू काढत जायची. डिले काढ, ऐक. कोरस काढ, ऐक. केबल बदल, ऐक. जे काढल्यावर आवाज थांबतो ते दोषी. आयुष्यातल्या किती संध्याकाळी त्याने गुडघ्यांवर बसून हे केलं होतं. आज तो उलटं करत होता. न आलेली हमिंग शोधत होता.

त्याने अॅम्पचा आवाज वाढवला. पातेल्यातलं पाणी तापायला लागल्यावर होते तशी सळसळ, ट्यूबची नेहमीची. तिच्याखाली काही नाही. ओव्हरड्राइव्ह दाबला. सळसळ जाड झाली. तिच्याखाली काही नाही. मिक्सरकडे जाणारी केबल नीट बसली आहे का पाहिलं. बसली होती. रस्ता पूर्ण असायला हवा होता. घूंऽऽ यायलाच हवं होतं, जसं दार ढकलल्यावर बिजागरी वाजते.

प्लग काढला, उघडला, हिरवी वायर सोडवली, प्लग परत बोर्डात लावून ऐकलं. तेच. पुन्हा जोडली, पुन्हा ऐकलं. तेच. वायर असली तरी तेच, नसली तरी तेच. म्हणजे वायर जिथं जात होती तिथं काही नव्हतं.

टेस्टर त्याच्या केबलच्या पिशवीत असतो. त्याने अॅम्पच्या मागच्या एका स्क्रूला टेस्टरचं टोक लावलं आणि वर अंगठा टेकवला.

टेस्टर पेटला. फार नाही. देवघरातल्या छोट्या बल्बसारखा.


तिसरं भोक

लॉनचे मॅनेजर चंपतराव किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. अश्विनने बोर्डाला अर्थिंग आहे का विचारलं. चंपतराव म्हणाले, पक्की अर्थिंग हाय, मोठमोठ्या पार्ट्या वाजवून गेल्या इथं. अश्विनने पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी वाकून बोर्डाकडे बोट दाखवलं.

"हे काय, तिसरं भोक हाय ना भाऊ."

भोकाच्या मागे काय आहे, अश्विन म्हणाला. ते फिटिंगवाल्यालाच माहीत, चंपतराव म्हणाले, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही हेही म्हणाले. यात उद्धटपणा नव्हता. त्यांनाही सकाळपासून बरेच जण काय काय विचारत होते.

तोवर पाहुणे यायला लागले होते. अश्विन खुर्च्यांच्या कडेने चालत गिरिधरपर्यंत गेला आणि त्याच्या बोर्डावरून स्टेजपर्यंत एक वायर टाकून मागितली. गिरिधरने मधल्या गालिच्याकडे बघितलं. नवरानवरी यायचा रस्ता तो, दोन्हीकडे कुंड्या, ठिणग्या उडवणारी यंत्रं, पुढे ड्रोनवाला. आता कुठून टाकू, म्हणाला. एन्ट्री झाल्यावर पाहू. एन्ट्री झाल्यावर भाषणं असतात आणि भाषणांच्या मध्ये गाणी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अश्विन तिथंच उभा राहिला. गिरिधरने मिक्सरवरचा एक खटका वर केला, परत खाली केला.

"तिले माहीत आहे का?"

"नाही."

"मग माहीत नको करू ना बे. बरं वाटून राहिलं तिले. इतके दिवस घाबरून होती, आज स्वतःहून हात ठेवला. एक गाणं तर आहे. म्हण तिले, जाळीले ओठ लावू नको."

अश्विनने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. जाळीला ओठ लावू नको. ते अगदी सोपं होतं. चपला घाल यापेक्षाही सोपं.

"आणि इतक्या वर्षांत एकदाच झालं," गिरिधर म्हणाला.

तेही खरं होतं.


(मत)

ट्यूब अॅम्प बंद केल्यावर लगेच हलवू नये. आतली काच गरम असते, धक्का लागला तर तडा जातो. निवेपर्यंत थांबावं. या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे.


अॅम्प काढला

पुढचा लाल दिवा विझला. स्टेजवर खूप दिवे होते, कोणाला काही फरक दिसला नाही.

गौरांगच्या डब्याला आणखी एक इनपुट होतं. अश्विनने काही न सांगता आपली केबल त्याच्यासमोर धरली. गौरांगने कारण विचारलं, अश्विनने टेस्टरचं सांगितलं. गौरांगने ती केबल पेटीला जोडली. मग खाली बसला आणि बटणं फिरवत एक आवाज काढून दिला. तुमच्या अॅम्पच्या जवळचा आहे हा, सर, म्हणाला, थोडा गरम करू का. असू दे, अश्विन म्हणाला. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून येणारा आवाज त्याने ऐकला. चांगला होता. याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. तेवढं करायचं त्राण उरलं नव्हतं.

भूमिका आली. जांभळी साडी, केसांत अबोली. पायरीखाली चपला काढल्या, हात कपाळाला लावला, चढली. अॅम्पपाशी थांबली.

"लाइट काहून बंद आहे?"

"या बोर्डाले अर्थिंग नाही, वं. भोक आहे, मागं काही नाही. टेस्टर पेटला."

"पण तू वायर लावली ना. माझ्यासमोर लावली."

"लावली. ती जिथं जाते तिथं काही नाही."

तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, मघाशी तारांवर ठेवला होता त्याच. मग समोर बघितलं, रांगांमध्ये बसत चाललेल्या माणसांकडे. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्याला दिसत होतं: एकामागून एक लॉन, सभागृहं, गणपतीचे मांडव, सोसायट्यांची गॅदरिंगं.

"मग आतापर्यंतच्या जागा?"

तो म्हणू शकला असता की तिथं ठीक असेल. काही ठिकाणी असेलही.

"माहीत नाही. कधी पाहिलंच नाही. माझी तर वायरच सुटलेली होती, पाहणार काय."

तिने मान हलवली. रागाने नव्हे. बसस्टॉपवर गाडी येणार नाही असं कोणी सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. त्याने तिला सांगितलं की आता त्याच्या तारा गौरांगच्या पेटीतून थेट गिरिधरच्या मिक्सरला जोडल्या आहेत, तिच्या माइकची आणि त्याच्या गिटारची जमीन आता एकच, काही होणार नाही.

"बरं," ती म्हणाली. ते तिला पटलं की नाही, ते त्या एका शब्दावरून कळत नव्हतं.


ओठ – माइक

पहिली दोन-तीन गाणी कोणी ऐकत नसतं. लोक जागा धरतात, लहान मुलं नाचतात.

मग ते संथ गाणं आलं. अश्विनच्या पाठीमागे काहीच नव्हतं. आजवर अॅम्पचा आवाज त्याच्या पोटऱ्यांवर येऊन आदळायचा, पायांतून वर चढायचा, आणि त्या आवाजाच्या आत तो उभा असायचा. भूमिकाचं गाणं बाहेर असायचं. तिची ओळ कधी संपते एवढंच त्याला कळावं लागायचं. आज त्याच्याभोवती भिंत नव्हती. तिचं गाणं सरळ आत आलं.

ती ओळीच्या मध्येच श्वास घेत होती. पूर्वी घ्यायची नाही. एका शब्दाच्या शेवटी सूर टिकवायच्या ऐवजी ती शब्द लवकर मिटवत होती, आणि हे इतक्या सफाईने की गिरिधरच्या मिक्सरलाही कळलं नसतं. हे कधीपासून, त्याला माहीत नव्हतं.

अंतऱ्यात एक ओळ वर जाते. तिथं भूमिका माइक लोकांकडे वळवते आणि लोक गातात. तिची खास अदा समजली जाते ती. अश्विनही तसंच समजायचा, आणि ते जरा सवंग आहे असं त्याचं मतही होतं. आज ती ओळ यायच्या क्षणभर आधी त्याला माइकच्या बाहेरचा तिचा आवाज ऐकू आला. तिने ती ओळ स्वतःशीच, दबक्या आवाजात घेऊन पाहिली. आवाज अर्ध्यावर गेला आणि तिथं नुसती हवा उरली. मग ती हसली आणि माइक लोकांकडे वळवला. लोक गायले.

मधला तुकडा आला. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. हात ठेवला नाही. दोघांमध्ये एखादी खुर्ची मावेल एवढं अंतर. त्याने सोलो सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला, नुसते साधे सूर धरून ठेवले, जागा मोकळी ठेवली. तिने दोनदा खोल श्वास घेतला. शिट्टी कोणी मारली नाही.

दुसऱ्या अंतऱ्यात ती ओळ पुन्हा वर निघाली तेव्हा त्याने ती गिटारवर, तिच्याखालून, हलकेच वाजवली, म्हणजे तिला वाटलं तर तिने तिच्यावर टेकावं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात आभार नव्हते. आपली बंद खोली कोणी उघडल्यावर माणूस बघतं तसं ते होतं. माइक तिने तरीही लोकांकडेच वळवला.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. निवेदन करणारीने मुलाच्या काकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. काका फार सावकाश चढत होते. भूमिका पाणी प्यायला मागे आली, अॅम्पवर टेकली. तो अजून कोमट होता. अश्विनने तिच्याकडे न बघता, पेटीच्या एका बटणावर बोट ठेवून विचारलं की पुढच्या वेळी या गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने उतरवू का.

तिने बाटलीचं झाकण लावलं. काकांनी माइक फुंकून पाहिला.

"अर्ध्यानं नाही होत," ती म्हणाली. "पूर्ण एकानं उतरव. आन गौरांगले आताच सांगू नको."

बरं, तो म्हणाला, आणि त्याची डाव्या हाताची बोटं, गिटार बंद असतानाच, नव्या पट्टीतल्या जागा शोधू लागली.